लाल कंसातला मजकूर

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन काल तीन महिने झाले. वय एकोणनव्वद, त्यातली अठ्ठावन्न वर्षे वकिलीची. एवढ्या वर्षांत संध्याकाळी साडेसहाला जिन्यावर त्यांची पावले वाजली नाहीत असा दिवस मला आठवत नाही. वकील संघाने त्यांच्यावर स्मृतिग्रंथ काढायचे ठरवले असून संपादन माझ्याकडे आले आहे. ग्रंथाचे नाव 'कुटुंबवत्सल विधिज्ञ' असे योजले आहे.

कायद्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला घरातले बाबा हवे आहेत. माझ्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्यांनी चालू खटल्यात पुढची तारीख मागून घेतली आणि न्यायाधीशांना खरे कारण सांगितले, हे आजही बाररूममध्ये सांगतात. आईला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर त्यांनी कोर्टाचे तोंड पाहिले नाही. आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे तेच घालत, शर्टांची बटणे तेच लावत. आणि तुमची पत्रे! संध्याकाळच्या चहानंतर सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचून दाखवत, तुमच्या आवाजात, तुमचे हेल काढून. आम्ही हसून हसून लोळत असू.

तुम्ही आईची एकुलती बहीण. एक पान लिहून द्यावे ही विनंती. आईकडूनही लेख हवा आहे, पण तिचे मला काही कळत नाही. खालचे ऑफिस एका दंतवैद्याला द्यायचे ठरले आहे. कारकून फायली बांधायला आले, तर ती त्यांना हात लावू देत नाही. रोज सकाळी खाली जाऊन बसते, ती जेवायच्या वेळी वर येते. फोनवर विचारले तर म्हणते, वाचते आहे. मी इतक्या लांबून काय करणार? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे ठाऊक आहे, पण दोन ओळी लिहिल्यात तर ती ऐकेल.

लोभ आहेच. तो महिनाअखेरपर्यंत एका पानाएवढा दिसावा.

आपला भाचा


९ फेब्रुवारी

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आ.

मावशीला टाइप करून पत्र पाठवणारा भाचा माझ्या ओळखीत तू एकटाच. समास मात्र सुरेख सोडलास. बापावर गेलास.

'कुटुंबवत्सल विधिज्ञ' हे नाव दोनदा वाचलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर छान दिसेल. राग मानू नकोस. एकोणतीस वर्षं मुलींच्या शाळेत निबंध तपासले, जीभ आता सुधारायची नाही.

मी पान लिहिणार नाही. कारण विचारशील, म्हणून आधीच सांगते. सत्तावीस वर्षांपूर्वी तुझे आजोबा अर्धांगवायूने चार महिने माझ्याकडे अंथरुणात होते. मी एकटी, शाळा सांभाळून. तुझ्या आईला तीन पत्रं घातली की पंधरा दिवस ये, माझी कंबर मोडली. तिसऱ्याला उत्तर आलं. मला पाठ आहे: 'गृहकृत्यांच्या अपरिहार्य जबाबदाऱ्यांमुळे येणे शक्य होणार नाही. सबब याविषयी पुनश्च आग्रह नसावा.' अक्षर तुझ्या आईचं, भाषा तुझ्या बापाची. कोणती बहीण बहिणीला 'सबब' लिहिते? त्या कागदाची मला अशी शिसारी आली की मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरून फडताळात टाकला. तुझे आजोबा गेले. ती आली नाही. तेव्हापासून आमच्यात वर्षाला दोन कार्डं, खुशालीची.

आणि एवढं कळव. माझ्या पत्रांना तुम्ही हसून लोळत होतात म्हणतोस. तुझ्या लहानपणी मी एका खोलीत तिघींबरोबर राहून नोकरी शोधत होते, आणि पत्रांत त्याचंच रडगाणं असायचं. त्यात हसायला कोणती ओळ होती?

आईला माझी आठवण सांग, सांगावीशी वाटली तर. लोभ माझाही आहे, पानाची तेवढी वाट पाहू नकोस.

मावशी


२० फेब्रुवारी

धाकटे,

मायना काय घालावा कळेना, म्हणून तशीच सुरुवात करते. बासष्ट वर्षांत खर्ड्याशिवाय लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. खाडाखोड होईल, तपासू नकोस.

तुझं पत्र लेकाने मला फोनवर वाचून दाखवलं. 'सबब'पाशी त्याचा आवाज जरा पडला. मग म्हणाला, मावशी कडवट झाल्या आहेत.

माझी पत्रं हे आधी लिहीत. खर्डा हातात देत, मी सुवाच्य अक्षरात उतरवून खाली सही करी. लग्न झालं तेव्हा मी एकोणीसची, शुद्धलेखन कच्चं. पहिलं पत्र यांनी मायेनेच सुधारलं. मग तसंच पडत गेलं. पाहुण्यांना हे हसून सांगत, ही माझी आयुष्यभराची अशील, हिच्या वतीने मीच बोलतो. पाहुणे हसत. मीही हसत असे.

तुझी पत्रं खाली ऑफिसच्या पत्त्यावर येत. संध्याकाळी हे ती वर आणत, वाचून दाखवत आणि परत खाली नेत. माझ्या हातात कधी राहिली नाहीत. यांचं वाचणं इतकं गोड असे की मागून घ्यावीत असंही वाटलं नाही.

आता ऑफिस रिकामं करायचं, म्हणून कारकुनांनी कपाट उघडलं. भाडेकरूंच्या दाव्यांच्या शेजारी एक जाड फाइल निघाली. पाठीवर यांच्या अक्षरात 'सौ. – माहेर'. आत तुझी सगळी पत्रं, तारखेवार, आकडे घालून, दोनशे चौदा. प्रत्येकाला माझ्या उत्तराचा खर्डा टाचलेला. आणि तुझ्या पत्रांवर लाल पेन्सिलीचे कंस.

आधी वाटलं, महत्त्वाच्या मजकुराला खूण केली असेल. दहा-बारा पत्रं वाचल्यावर उलगडा झाला. कंसातलं वाचायचं नाही, असं ते होतं. त्याऐवजी काय म्हणायचं ते समासात बारीक अक्षरात. 'येथे थट्टा.' 'येथे मुलांची चौकशी.' तू लिहिलंस की खोलीत ढेकूण झालेत, अंगभर गांधी उठल्यात आणि एकीने तुझे पैसे चोरले. त्या सगळ्याला कंस, आणि समासात घरमालकिणीच्या मांजराची गोष्ट. ते मांजर, धाकटे! मुलं वर्षभर त्या मांजराची खुशाली विचारत होती. लेकाने त्याचं चित्र काढून तुला पाठवायला दिलं होतं, तेही फाइलीत आहे. मांजर नव्हतंच.

'ताई, तुझा संसार आठवला की माझे डोळे निवतात.' तुझं म्हणून हे वाक्य मी किती वर्षं मनात घोळवलं. ते तुझं नाही. ते पत्र क्रमांक एकसष्टच्या समासात आहे.

आणि बाबांच्या आजारातलं तुझं तिसरं पत्र. पहिली ओळ सोडून सगळं कंसात. 'पाठीला जखमा झाल्यात, त्यांना वास येतो. दिवसातून तीनदा चादर बदलते. माझं नाव विसरलेत, तुझं घेतात.' मला वाचून दाखवलं ते असं: बाबा जरा थकलेत, पण पेपर वाचतात.

मी टेबलाला धरून उभी राहिले. कारकुनांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, म्हणाले, साहेबांची आठवण यायचीच. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार? शेवटची दोन वर्षं यांना मी न्हाऊ घातलं, पुसलं, कपडे बदलले, कधी नाक मुरडलं नाही. त्या फाइलीला हात लावल्यावर मात्र साबणाने दोनदा हात धुतले.

मला काय ठाऊक होतं, तूच सांग.

लोभ मागत नाही. आधी हे वाच.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार खरा आहे. कार्डावरचे नसायचे.

तुझं पत्र हातात घेऊन खिडकीशी बसले ती दूध उतू जाऊन खालच्या मजल्यावर वास गेला तेव्हाच उठले. मांजर! अगं, मांजर जवळ आलं तरी मला शिंका येतात. निदान कुत्रं तरी घालायचं.

भावोजींचं ते मऊ हसू डोळ्यांपुढे आलं आणि घास जाईना. नवरा मारकुटा असला तर निदान त्याला नाव ठेवता येतं, चार बायका आपल्या बाजूने बोलतात. याला काय म्हणायचं? सगळे म्हणणार, किती गुणाचा, बटणं लावायचा. बटणं लावायचा आणि तोंडंही शिवायचा. मला तर आता माझीच जुनी पत्रं उष्टी वाटताहेत.

सत्तावीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या, ताई. शेजारणींना सांगितलं, बहिणीचं काळीज दगडाचं. शाळेत सांगितलं. ते सगळं आज परत घेते. तुला माफ केलं असंसुद्धा लिहीत नाही, कारण माफ करायला तू काही केलंच नाहीस. ज्या बाईला पत्रच वाचायला मिळालं नाही, तिने काय करायचं होतं?

ती फाइल लेकाच्या हातात पडू देऊ नकोस. आवराआवर झाली की इकडे ये. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, नाहीतर मीच आले असते.

लोभ होता तो परत काढला आहे. जरा धूळ बसलीय, पुसून घे.

धाकटी


५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ग्रंथाची छपाई या महिन्यात व्हायची आहे. तुला लिहिण्याचा त्रास नको म्हणून तुझा लेख मी तयार करून सोबत पाठवला आहे. खाली पेन्सिलीने फुली केली आहे तिथे फक्त सही कर. फुली नंतर खोडता येते.

एकदा वाचून घे, म्हणजे समाधान वाटेल. 'त्यांनी मला फुलासारखे जपले. माहेरची उणीव कधी भासू दिली नाही.' हा शेवट माझ्या मते चांगला साधला आहे.

त्या फाइलीविषयी कारकुनांनी मला सांगितले. आई, बाबांचा हेतू पाहा. तुला क्लेश होऊ नयेत एवढाच होता. वर्तमानपत्राचा संपादकही रोज हेच करतो. ती फाइल माझ्याकडे पाठव, मी नीट जपून ठेवीन. आणि मावशींशी या विषयावर अधिक पत्रव्यवहार टाळावास असे सुचवतो.

प्रकृतीला जप. तुझ्या लोभाला आणि सहीला पात्र असलेला,

तुझा मुलगा


१२ मार्च

धाकटे,

अनेक आशीर्वाद. आज ते लिहिते आहे, पण पत्र संपेपर्यंत तुला ते नकोसे होतील.

परवा लेकाचं पाकीट आलं. माझ्या नावाने लिहिलेला लेख, टाइप केलेला, सहीच्या जागी फुली. वाचता वाचता असा उबग आला की कागद पालथा घातला. वाटलं, बापाचा वारसा बरा उचललास. मग विचार आला, की सही करणारी बाई पाहत पाहतच हा मोठा झाला. त्याला वाटणारच की बायकांना लेख असेच द्यायचे असतात.

आणि तुझं ते वाक्य. तू काही केलंच नाहीस. ते घशाखाली उतरत नाही. आठ दिवस झाले, जेवायला बसले की आडवं येतं. म्हणून सांगून टाकते.

मला ठाऊक होतं.

बाबांविषयीचं तुझं तिसरं पत्र आलं त्या दुपारी हे कोर्टात होते. कारकून जेवायला गेले होते. मी शाईची दौत आणायला खाली गेले. पत्र टेबलावर होतं, कंस घालून तयार. ते मी अशिलांच्या खुर्चीत बसून सगळं वाचलं. कंसातलं आधी वाचलं. जखमा वाचल्या, वास वाचला, माझं नाव घेतात ते वाचलं. घडी घालून जागच्या जागी ठेवलं आणि दौत न घेताच वर आले.

धाकटे, मला जायचं नव्हतं. आई आजारी होती तेव्हा आठव. तू बारा वर्षांची, भांडं धरून उभी असायचीस आणि मी दाराबाहेरून विचारायची, झालं का. मला त्या वासाने ओकारी यायची. बाबांचं ते अंग, ती चादर डोळ्यांपुढे आली. माझा बाप, आणि मला त्याची किळस आली. यांनी मला कधीच थांबवलं नाही. मी थांबले आणि यांनी त्याला भाषा दिली.

संध्याकाळी यांनी पत्र वाचलं. बाबा जरा थकलेत, पण पेपर वाचतात. माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी चहा ओतत होते. तेव्हा गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी विचारलं, कोणता पेपर वाचतात. हे जरासे थांबले आणि पेपरचं नाव सांगितलं. मी म्हटलं, हो, त्यांना तोच आवडतो.

मग खर्डा आला. मी तो उतरवला. 'पुनश्च' चुकलं म्हणून दुसरा कागद घेऊन पुन्हा सगळा उतरवला. म्हणजे ते पत्र मी दोनदा लिहिलं आहे.

मागच्या पत्रात कंसांचा उलगडा आत्ता झाल्यासारखं लिहिलं, तो त्या संध्याकाळीच झाला होता. आणि 'मला काय ठाऊक होतं' असं लिहिलं, ते यांच्याकडूनच शिकले. प्रश्न असा टाकायचा की खोटंही बोलल्यासारखं होत नाही.

लेकाला कळवलं आहे, लेख माझा नाही, ज्याने लिहिला त्याच्या नावाने छाप. तो चिडला आहे. चिडू दे.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी काही सुचवत नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

पत्र वाचलं. किळस आली. भावोजींची नाही, तुझी. 'कोणता पेपर' इथपर्यंत आले आणि मोरीत जाऊन ओकले. रागाने लिहीत नाही, झालं ते लिहिते.

तुझ्या प्रत्येक कार्डाला मी उत्तर दिलं होतं. आता पुढे लिहवत नाही.


२२ मार्च

हे पाकीट चार दिवस तसंच उघडं पडलं होतं. बरं झालं, चिकटवलं नाही. चार दिवस मी स्वतःला फार स्वच्छ समजत हिंडले. तेही खरं नाही, म्हणून त्याच कागदावर पुढे लिहिते.

तुझं 'सबब' आलं त्यानंतर आठव्या दिवशी भावोजी माझ्या दारात उभे होते. हातात कोर्टाची बॅग. जवळच कुठे साक्षीपुराव्याचं काम आहे म्हणाले. तुलाही तेच सांगितलं असणार. तीन दिवस राहिले.

कोट काढून खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या आणि बाबांच्या खोलीत गेले ते बाहेर म्हणून आले नाहीत. जखमा कोमट पाण्याने धुतल्या. मांड्यांतली घाण पुसली. एकदाही तोंड फिरवलं नाही, फडकं नाकाला लावलं नाही. आजाऱ्याला न उचलता चादर कशी बदलायची हे मला त्यांनी शिकवलं: माणूस कुशीवर वळवायचा, जुनी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिच्यामागून सोडायची, मग दुसऱ्या कुशीवर. तीन महिने मी एकटी बाबांना उचलत होते आणि माझ्या कमरेचा भुगा झाला होता.

आणि हात चालू असताना तोंड चालू. ताईने विचारलंय, दुखतं का. ताईने सांगितलंय, दूध घ्यायचंच. ताई पुढच्या महिन्यात येतेय. बाबांच्या एका डोळ्यातून पाणी गळायचं. मी बादली धरून उभी. म्हणू शकले असते, की खोटं बोलू नका, तिचं पत्र फडताळात पडलंय. म्हटलं नाही. तीन दिवस माझ्या पाठीला विसावा होता, आणि बाबांना ते गोड लागत होतं. जाताना भावोजी म्हणाले, ताईला सांगू नका मी आलो होतो, तिला लाज वाटेल. मी हो म्हटलं.

मग सत्तावीस वर्षं मी जगाला सांगत सुटले की माझ्या मदतीला कुणी आलं नाही. आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तुला शिव्या देताना जोर आला नसता. आणि खरं सांगू? मला त्या माणसाच्या चांगुलपणाचीच किळस यायची. इतकं नीट करायचा की दुसऱ्या कुणाला करायला, चुकायला, यायलाही काही शिल्लक ठेवायचा नाही.

बाबा त्यानंतर तेविसाव्या दिवशी गेले. तू येणार म्हणून दाराकडे तोंड करून निजत होते. हे तुला कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या या कबुलीनंतर न सांगणं म्हणजे मीही पेन्सिल हातात घेतल्यासारखं झालं असतं.

लोभ आहे. परक्या माणसाची एवढी किळस येत नाही, त्यावरून कळलं.

धाकटी


३० मार्च

धाकटे,

अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं, तेविसाव्या दिवसासकट.

ते तीन दिवस मला आठवतात. साक्षीपुराव्याला म्हणून गेले होते. परत आले तेव्हा थकलेले दिसले. मी विचारलं, काम झालं का. म्हणाले, साक्षीदार म्हातारा होता, फार रडला. मी विचारलं नाही कशाबद्दल. पान वाढलं. हे नेहमीसारखे जेवले आणि वरण चांगलं झालंय म्हणाले.

म्हणजे माझ्या वाटणीची घाण हे काढून आले, माझ्या वाटणीचं खोटं बोलून आले आणि माझ्या बापाचं माझ्यासाठीचं रडणंही हेच बघून आले. मला काही ठेवलंच नाही. मला राग येतो, तर यांचे हात आठवतात. ते हात आठवले की ते मांजर आठवतं. एका ठिकाणी मन टिकत नाही. बासष्ट वर्षं ज्या माणसाच्या शेजारी निजले, त्याच्यावर धड रागावताही येईना, धड रडताही येईना. आणि स्वतःची तर इतकी शिसारी येते की आरशात पाहून वेणी घालणं सोडलंय.

ग्रंथ निघाला. रविवारी सभागृहात समारंभ झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझा लेख छापला आहे, सहीच्या जागी 'परिवार' असं घालून. वकील तो वकीलच. एका निवृत्त न्यायाधीशांनी सांगितलं, की त्यांच्या पत्नीला आयुष्यात एक कटू शब्द ऐकावा लागला नाही. टाळ्या पडल्या. मी उठले. लेक कानाशी म्हणाला, आई, बस, फोटो व्हायचाय. मी त्याला म्हटलं, की माझ्या बापाच्या पाठीला जखमा होत्या आणि तुला-मला ते कुणी वाचून दाखवलं नाही, आता तरी वाच. मोठ्याने म्हटलं असावं, कारण मागची रांग गप्प झाली. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. कुणीतरी म्हणालं, वयच झालंय.

लेक त्याच दिवशी परत गेला. जाताना बोलला नाही. काल सुनेचा फोन आला, की तो फाइल मागत नाही, पण त्यात मांजराचं चित्र खरंच आहे का, असं विचारतो. मी म्हटलं, आहे, येऊन बघ. येईल की नाही ठाऊक नाही.

ऑफिसात परवा दंतवैद्याचा सुतार मापं घेऊन गेला. त्याच्यादेखत मी तुझं एक एक पत्र मोठ्याने वाचत होते, कंस धरून. त्याने दोनदा विचारलं, बाई, माझ्याशी बोलताय का.

आता कामाचं. मंगळवारी सकाळच्या बसने येते. राहायला नाही, तू चालवून घेशील, पण आपण दोघी एकमेकींना किती दिवस सोसू ते सांगता येत नाही. ऐकायला येते. बाबांचे ते चार महिने मला पहिल्या दिवसापासून सांग. जखमा कुठे कुठे होत्या, वास कसला होता, ते चिडायचे का, तुला मारायचे का, शेवटी काय बोलले आणि कुणाचं नाव घेऊन. मी काही करू शकत नाही आता, पण ते माझं होतं, ते मला हवं आहे. मला ओकारी आली तर येऊ दे. पाठीवरून हात फिरवू नकोस, पाणी आणायला उठू नकोस आणि सांगायची थांबू नकोस.

स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. पाकिटांवर लिहून लिहून तुझा पत्ता मला तोंडपाठ आहे. घर तेवढं कधी पाहिलेलं नाही. विचारत येईन.

ताई